आत्याचं गाणं आणि घरी केलेला कंप्रेसर

माझी आत्या सत्तरी ओलांडल्यावरही गात होती, पण फक्त स्वयंपाकघरात. मटार सोलताना, कणीक मळताना, देवाची भांडी घासताना. पूर्वी आमच्या झाशीतल्या मराठी घरांमध्ये बारसं असो की मंगळागौर, पाळणा म्हणायला तिलाच बोलावणं यायचं. मग हळूहळू तिनं जाणं कमी केलं. कोणी विचारलं की म्हणायची, "आवाज पातळ झालाय आता. घरातल्या घरात ठीक आहे."

आम्ही दोघी झाशीच्या नगरा मोहल्ल्यात राहतो. ती सिव्हिल लाइन्समधल्या टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होती. लोकांचे परगावचे ट्रंक कॉल जोडण्यात तिची सगळी नोकरी सरली. मी मुलींच्या इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि कॉलेजच्या दिवसांपासून गिटार वाजवते. गिटार साधंच, लाकडी पोटाचं. त्याच्या घोडीखाली तारांची थरथर पकडणारा एक पिकअप बसवलेला आहे, त्याची वायर लहानशा अँप्लिफायरला जाते. एवढाच संसार.

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या गच्चीवर करायचं ठरलं होतं. झाशीत आपली घरं मोजकीच, त्यामुळे संक्रांतीला सगळ्या एकमेकींना भेटतात, आणि शेजारणीही येतात. मी आत्याला म्हटलं, "या वेळी तू गा. मी साथीला बसते."

"कोणाला ऐकू जाणार?"

"माइक लावू या."

"माइक नको जी. माइक समोर आला की मी टेलिफोनवर बोलल्यासारखी बोलायला लागते."

हे खरं होतं. एकदा गणपतीत तिच्या हातात माइक दिला, तर तिनं पाळण्याआधी इतक्या अदबीनं "हॅलो" म्हटलं की मांडवभर हसू पसरलं. त्यानंतर तिनं माइकला हात लावला नाही.

मग आम्ही बिनमाइकचं करून पाहिलं. ती खुर्चीवर, मी शेजारी गिटार घेऊन. मी तारांवरून हात फिरवला की तिचा आवाज बुडून जायचा. हात आवरून एकेक तार छेडली की गिटारच गायब. अँप्लिफायरचं बटण वर करावं, तर पुढच्या झटक्याला दोघी दचकायचो.

आत्या म्हणाली, "तू असतेस तेव्हा मी नाही, आणि मी असते तेव्हा तू नाहीस. ट्रंक कॉलवर अस्संच व्हायचं. एक जण गळा फाडून ओरडतोय, दुसरा पुटपुटतोय, आणि दोघांनाही वाटतंय की लाइन खराब आहे."

तिच्या त्या वाक्यानं मला उपाय सुचला. गिटारवाले पायाशी एक पेटी ठेवतात, तिला कंप्रेसर म्हणतात. मोठा आवाज ती आवरते आणि लहान आवाज पुढे आणते. तयार पेटी मागवता आली असती. पण तिची एक जात अशी आहे की तिच्यात एलडीआर लागतो, आणि एलडीआर तर मी दर वर्षी वर्गात शिकवते. नखाएवढी चकती, वर नागमोडी रेघ. तिच्यावर उजेड पडला की वीज तिच्यातून सहज जाते, अंधार झाला की अडते. तिच्यासमोर एक लहान एलईडी ठेवायचा. तार जोरात वाजली की एलईडी उजळणार, एलडीआरची वाट मोकळी होणार आणि जास्तीचा आवाज त्या वाटेनं बाहेर निघून जाणार. तार हळू वाजली की दिवा मंद आणि आवाज शाबूत. शेवटी सगळाच आवाज थोडा वाढवून घ्यायचा.

मी हे आत्याला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या वेळी हे यंत्र असतं तर माझा अर्धा त्रास वाचला असता."

बाजारातल्या एका दुकानात टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर यांचे सुटे भाग मिळतात. मी एलडीआर मागितले तसे दुकानवाले भैया हसले. "स्ट्रीट लाइट वाला मॉडल है न मैडम? अँधेरा होते ही बत्ती जल जाए?"

"नहीं भैया, गिटार के लिए है."

"गिटार में बत्ती लगाएँगी?"

मी थोडक्यात सांगितलं. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी डबाच माझ्यापुढे उपडा केला. सगळे एलडीआर सारखे दिसतात आणि एकही सारखा नसतो. मी सोबत मीटर नेला होता. चकतीला दोन तारा लावायच्या, वर तळवा धरायचा आणि मीटरवरचा आकडा कसा चढतो ते पाहायचं. काहींचा आकडा झपकन चढायचा. काही अंधार झाला तरी मागच्या उजेडातच रेंगाळायचे. थोड्या वेळानं भैयांनाही गोडी लागली. ते स्वतःचा अंगठा ठेवून बघू लागले.

"ये वाला सुस्त है मैडम, इसको मत लीजिए."

"सुस्तच पाहिजे," मी नकळत मराठीत म्हटलं आणि मग सांगितलं, "थोड़ा सुस्त चाहिए. एकदम तेज वाला आवाज को झटके देगा."

शेवटी मला चालतील असे काही मिळाले. शिवाय लाल आणि हिरवे एलईडी, आवाज वाढवणारी एक आयसी, वेगवेगळे कपॅसिटर, दोन बटणं आणि पायानं दाबायचा एक स्विच. निघताना भैया म्हणाले, "बन जाए तो सुनाइएगा."

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. आत्यानं फडताळातून जुनी सुती ओढणी काढून टेबलावर अंथरली, म्हणजे बारीक भाग घरंगळणार नाहीत. दुपारपर्यंत सर्किट जोडून झालं. एलईडी आणि एलडीआर मी समोरासमोर ठेवून त्यांच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळली होती. गिटार लावलं, तार छेडली. आवाज आला, पण अगदी मेलेला, जणू कोणी गिटारवर रजई टाकली आहे. मी सगळे सांधे तपासले, बॅटरी बदलली, वायर हलवून पाहिली. काही फरक नाही.

तेवढ्यात आत्या मटारचं ताट घेऊन खिडकीपाशी येऊन बसली. मी सवयीनं तार छेडली, आणि गिटार एकदम भरून बोललं.

"झालं की," आत्या म्हणाली.

"मी काहीच केलं नाही."

ती ताट ठेवायला उठली. आवाज पुन्हा मेला. ती बसली, आवाज आला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला: खिडकीतून जानेवारीचं ऊन थेट टेबलावर येत होतं आणि कागदातून आत शिरत होतं. एलडीआरला वाटत होतं की गिटार फार ओरडतंय, म्हणून तो सगळा आवाज बाहेर सोडून देत होता. आत्या मध्ये बसली की तिची सावली पडायची आणि आवाज सुटायचा.

मी समजावून सांगितल्यावर आत्यानं आपला हात त्या पट्टीवर धरला आणि म्हणाली, "वाजव." मी तार छेडून धरली. तिनं हात हलवला, आवाज लाटेसारखा वर आला, खाली गेला. बोटं पसरली, थरथरला. ताट आडवं धरलं, फुगला. ती इतकी रमली की मटार तसेच राहिले. एवढ्या वर्षांत मी तिला पाळणा म्हणताना, रागावताना, प्रार्थना करताना पाहिलं होतं. हवेत हात फिरवून गिटार वाजवताना पहिल्यांदाच पाहत होते.

"हे असंच राहू दे ना," ती म्हणाली.

"गच्चीवर ऊन असेल, आत्या. ढग आला की गाणं बदलेल."

तिनं नाइलाजानं हात मागे घेतला, आणि मी ती जोडी काळ्या नळीत बंद केली.

त्यानंतरचे दिवस बटणं फिरवण्यात गेले. कॉलेजातून आले की चहा, आणि चहानंतर कंप्रेसर. आत्या समोर बसायची आणि डोळे मिटून ऐकायची. हिरव्या एलईडीचा उजेड एलडीआरला जास्त मानवतो म्हणून मी आधी तो लावला होता. पण तो लागायलाच उशीर करायचा आणि लागला की एकदम लागायचा. आत्या म्हणाली, "मध्येच कोणी दार लावतंय." लाल लावला. लाल हळू आवाजालाही मिणमिणायला लागतो. "आता दार नाही," ती म्हणाली.

मग तिला दुसरं खटकलं. "तुझं नख गेलं."

"म्हणजे?"

"तार छेडताना आधी नखाचा टण् असा आवाज यायचा ना, तो गेला. गुळगुळीत झालंय. मला त्याच्यावर सम कळते."

कंप्रेसरचा आवाजावरचा दाब फार लवकर पडत होता, सुरुवातीचा तो टण् निसटायच्या आतच. मी दिव्याच्या वाटेवरचा कपॅसिटर बदलून मोठा घातला, म्हणजे दिवा क्षणभर उशिरा उजळेल आणि नख आधी पुढे निघून जाईल. पहिला फारच मोठा निघाला, दुसरा लहान. तिसऱ्या खेपेला आत्यानं डोळे न उघडताच मान हलवली.

एके दिवशी मी दाबाचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. आम्ही पाळण्याची तालीम करत होतो. एका कडव्यापाशी मी बोट उचललं आणि थांबले, ती एकटी गात राहिली. आणि अँप्लिफायरमधून अगदी बारीक असा काहीतरी नाद येऊ लागला. तिनं सूर बदलला, नाद बदलला. ती थांबली, तो क्षणभर रेंगाळून विरला.

"कोण आहे?" आत्यानं विचारलं.

मी तारांवर तळवा ठेवला. "आता गा." काही नाही. तळवा उचलला. "आता." पुन्हा तो नाद.

मग कळलं. ती माझ्या शेजारी बसून गात होती, आणि तिच्या सुराशी जुळणाऱ्या तारा आपोआप थरथरत होत्या. एरवी ते ऐकू आलंच नसतं. पण इथे दुसरा कुठलाच मोठा आवाज नव्हता, म्हणून कंप्रेसरनं त्या तारांची थरथरच उचलून पुढे आणली होती. बिनमाइकचा, तारांतून आलेला आत्याचा आवाज.

आत्यानं गिटारच्या पोटावर हात ठेवला आणि एक सूर लावला. मग दुसरा. जो सूर तारांना भेटायचा त्याला उत्तर यायचं, बाकीचे तसेच जायचे. बराच वेळ ती एकेक सूर लावून पाहत होती. मग म्हणाली, "तुझ्या पेटीला माझा आवाज ऐकू येतोय की." तिचे डोळे पाणावले होते, पण ती हसत होती. मीही हसत होते. ते बटण फार वर ठेवलं तर गिटारला हात लागला तरी खरखर ऐकू यायची, म्हणून मी ते थोडं मागे घेतलं, नाद जेमतेम राहील इतपत, आणि त्या जागी नेलपॉलिशचा ठिपका दिला.

आता पेटी हवी होती. माझा चुलत भाऊ झाशीजवळच्या बिजौलीत इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्याला मराठी सगळं समजतं, बोलतो मात्र हिंदी. उरलेल्या पत्र्याची पेटी वाकवून, भोकं पाडून, पॅनलचाच करडा रंग मारून तो घेऊन आला. पेटी चांगली जेवणाच्या डब्याएवढी.

"एवढी मोठी?" मी म्हटलं.

"ताई, पैर से दबाना है न? छोटी होती तो खिसक जाती."

आत्या म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. दिसायलाही भारदस्त आहे." आत सर्किट इतकं सुटं वाटत होतं की मी रिकाम्या जागेत स्पंज भरला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारी गच्चीवर सतरंज्या पसरल्या. बायका आल्या, हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, वाण देऊन झालं. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर नीट केला, माझ्याकडे पाहिलं आणि मी पायानं स्विच दाबला.

तिनं पाळणा सुरू केला तेव्हा मागच्या बाजूला गप्पा चालू होत्या. पहिल्या कडव्याच्या शेवटी त्या थांबल्या. तिचा आवाज पातळच होता, तो काही बदलला नव्हता. पण त्याच्या वाटेत कोणी येत नव्हतं. मी तारांवरून हात फिरवत होते आणि गिटार तिच्या खालीच राहत होतं. मी एकेरी तार छेडली तरी ती मागच्या सतरंजीपर्यंत जात होती. कडव्यांच्या मधल्या जागी, मी हात उचलला की, तारांतला तो बारीक नाद तिच्या मागून यायचा. तो इतर कोणाला कळला की नाही ठाऊक नाही. आत्याला कळत होता, कारण प्रत्येक वेळी ती किंचित थांबून पुढचं कडवं धरत होती.

संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हाताऱ्या काकूंनी आत्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "आमच्या सगळ्या लेकरांची बारशी आठवली ग." मग "आणखी एक" सुरू झालं. आत्या आणखी एक गायली, आणि न सांगता त्यापुढचंही.

शेजारच्या घरातल्या बुंदेली भाभी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "दीदी, हम भी कछू सुनाएँ? गारी आती है हमें." गारी म्हणजे त्यांच्याकडे लग्नात व्याह्यांना चिडवायचं गाणं. पदर डोक्यावर ओढून त्यांनी अशी काही ठसक्यात सुरुवात केली की मी ताल शोधेपर्यंत अर्धी गच्ची हसत होती. ओळी मला निम्म्याच कळत होत्या. आत्या गुडघ्यावर ठेका धरून कोरसमध्ये शिरली, बुंदेलीत, जसे जमतील तसे शब्द घेऊन. मी पेटीकडे पाहिलंही नाही. नुसतं वाजवत राहिले.