जमिनीला कान लावणारी

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर मी नाशिकहून मदतीला गेलो होतो. एका ढिगाऱ्याखालून कुणीतरी ठोकत होतं. वरची भिंत अंगावर येईल या भीतीनं मी जवानांना म्हणालो, “इथं कुणी नाही.” ते पुढे गेले.

पंचवटीच्या बाजारात एक म्हातारी कोथिंबीर विकते. पोतं अंथरण्याआधी ती जमिनीवर ठोकते आणि कान लावते. शेजारचा भाजीवाला चिडवतो, “काय आजी, आज कोन बोललं?” ती नुसती हसते.

मी नेहमी तिच्याकडूनच घेतो. एकदा विचारलं, “आजी, हे कशासाठी?”

“आमचं घर किल्लारीकडं भूकंपात गेलं. खाली कुनी असलं तर? इचारून बसावं.”

“कधी उत्तर येतं?”

“तुमी हितं उभं राहिलात, की येतं.”

मी कोथिंबीर न घेताच निघालो. ढिगाऱ्याखालचं ते ठोकणं मी ऐकलं होतं, एवढं तिला सांगायचं अजून बाकी आहे.