बारालाचा खिंडीच्या अलीकडे

"मी खोटं कनाला बोलू?" असं शेठ म्हणाले की ऐकणाऱ्याने खुर्ची जरा जवळ ओढून घ्यायची. आता खोटं येणार, आणि चांगलं येणार. 'कनाला' म्हणजे कशाला. हा शब्द उच्चारताना ते उजवा हात छातीवर ठेवायचे आणि चेहरा इतका गरीब करायचे, की गावातल्या देवळाचा पुजारीसुद्धा फसायचा.

तुम्ही भिवंडीच्या बाजूला राहिला असाल तर तुम्हाला ठाऊकच असेल. ज्याच्या भातशेतीवर गोदाम उभं राहिलं, तो शेठ. ह्यांची जमीन शेलार गावाच्या पुढे होती. तिथल्याच एका गोदामात ट्रक रिकामे करून घ्यायच्या कामावर मी सुपरवायझर होतो. जागामालक म्हणून ते रोज चक्कर मारायचे. त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही. मी त्यांचा 'सुपरवायजर'.

जमीन विकल्यावर इतरांनी मोठ्या गाड्या घेतल्या. शेठनीही घेतली, पण तिच्या बॉनेटवर वहिनी मिरच्या वाळवायच्या. शेठ फिरायचे सायकलवर. पन्नाशीचा माणूस, गळ्यात जाडजूड चेन, खाली हाफपँट आणि गियरची लाल सायकल. कुणी कारण विचारलं की प्रत्येकाला वेगळं उत्तर. चहावाल्याला, "डाक्टरनी सांगितलंय." लूमवरच्या कारीगराला, "भाई, लायसन जप्त हो गया." हवालदाराने हटकलं तर हात जोडून, "साहेब, नवस हाय."

मलाही सायकलचा नाद होता. पहाटे आम्ही वज्रेश्वरीला जायचो, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचो आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आत परत यायचो. मग कसारा घाट झाला. घाटाच्या माथ्यावर घामाने निथळत शेठ म्हणाले, "सुपरवायजर, मनालीवरून लेहला सायकलवर जातात म्हणं. आपुन जाऊ."

"आणि वहिनी?"

"तिला सांगायचं, दिल्लीला काम हाय. मी खोटं कनाला बोलू? गाडी दिल्लीवरूनच जाते ना?"

गणपती उठल्यावर आम्ही निघालो. सायकली आदल्या दिवशीच 'रिपेरिंगला' गेल्या होत्या.

रोहतांगच्या चढणीवर आमची हवा निघाली. दहा पॅडल मारायची, उतरायचं, श्वास गोळा करायचा, पुन्हा चढायचं. वाटेत एक परदेशी जोडपं भेटलं, तेही सायकलवरच. शेठनी माझ्याकरवी त्यांना सांगितलं की आमच्याकडे माणसं रोज असले दोन घाट ओलांडून ड्युटीवर जातात. त्या बाईंनी आदराने आम्हाला सुका जर्दाळू दिला. शेठनी तो तितक्याच आदराने खाल्ला.

रोहतांग उतरलं की लाहौलचं खोरं उघडतं. दोन्हीकडे उघडेबोडके डोंगर, डोक्यावर बर्फ, आणि तळाशी नदीकाठी वाटाण्याची आणि बटाट्याची हिरवीगार शेतं. सिस्सूच्या पुढे एका शेताजवळ शेठनी सायकल आडवी टाकली. बांधावर बसले. मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली, वास घेतला. बटाटे काढणारी एक बाई बघत उभी राहिली. तिला म्हणाले, "बहेनजी, एक बात याद रखो. कोई गोदाम बनाने आया, तो कुत्ता छोड देना."

ती हसली. शेठही हसले, पण लगेच उठले नाहीत. मातीचा हात हाफपँटला पुसत मला म्हणाले, "आमच्या शेताचा वास आता पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा येतो रं." ह्या वाक्याआधी त्यांनी छातीवर हात ठेवला नव्हता.

केलाँगला पोचलो तेव्हा संध्याकाळी बोचरा वारा सुटला होता. शेठनी टेलिफोन बूथवरून घरी फोन लावला. अंगात दोन स्वेटर, वर माझं ब्लँकेट.

"हां, दिल्लीतच हाय. लय उकडतंय."

पलीकडून वहिनींचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मंग दात का वाजतात?"

"एसी हाय ना! बंदच करत न्हाय हे लोक!"

पुढच्या मुक्कामानंतर बारालाचा खिंडीचा चढ सुरू झाला, आणि तिथे माझं बिनसलं. आधी डोकं दुखायला लागलं. मग उलटी झाली. मी म्हटलं, चालतंय, दोन वळणांवर माथा दिसतोय. खरंच दिसत होता. बर्फाच्या दोन भिंतींमध्ये आभाळाचा एक निळा तुकडा अडकला होता. मी सायकल ढकलू लागलो, तर रस्ता सोडून सरळ दरीच्या बाजूला निघालो. शेठनी माझी कॉलर धरली.

"सुपरवायजर, भिवंडीचा एसटी स्टँड कुठं हाय?"

"वज्रेश्वरीला," मी म्हणालो. मला ते अगदी बरोबर वाटलं.

शेठच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. माथ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, ते मला अजून आठवतं. मग माझी सायकल रस्त्यात आडवी टाकली, तिच्यावर आपली टाकली आणि दोन्ही हात पसरून मधोमध उभे राहिले. लेहहून रिकामा परतणारा एक ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हर शिव्या देतच उतरला. इतर वेळी शेठनी त्याला एखादी झकास गोष्ट सांगितली असती. आता एवढंच म्हणाले, "मेरा लडका है. नीचे ले चलो."

केलाँगपर्यंत त्यांनी मला झोपू दिलं नाही. गालावर चापट्या मारायचे आणि विचारायचे, "शेलार कुठं? वहिनीचं माहेर कुठं?" मी काहीबाही बोलत राहिलो आणि ते माझ्या तोंडापुढे पिशवी धरून बसले.

सरकारी दवाखान्यात मला रात्रभर प्राणवायू लावला. सकाळी डॉक्टर म्हणाले, आणखी वर गेला असता तर खाली आणायला माणूस उरला नसता. मला हे कळेपर्यंत डोकं बरंच ठिकाणावर आलं होतं. मी म्हटलं, "शेठ, तुम्ही जा पुढे. मी इथे थांबतो."

"काय हाय पुढं? पलीकडं उतार हाय. उतार काय, आपल्या कशेळीच्या पुलाला बी हाय."

मला हिंडता येऊ लागल्यावर आम्ही बूथवर गेलो. शेठनी दीर्घ श्वास घेतला, उजवा हात छातीवर ठेवला आणि नंबर फिरवला.

"ऐक. मी दिल्लीत न्हाय. लय वर हाय, बर्फात. सायकलवर आलो, आणि मी पडलो आजारी. बोलताच येईना मना. पन सुपरवायजर होता म्हणून वाचलो. ट्रकसमोर आडवा झाला गं तो पोरगा!"

मी त्यांची बाही ओढत होतो. त्यांनी मला कोपराने ढकललं. पलीकडे वहिनी आधी रडल्या आणि मग म्हणाल्या, "त्याला दे फोन." मला त्यांनी इतके आशीर्वाद दिले, की मी नुसता 'हो, हो' म्हणत राहिलो.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे काय केलंत?"

"तुझ्या आईला खरं कळलं तर ती तुना नाक्याच्या पुढं सोडायची न्हाय. आणि आजारी मानसावर बायको ओरडत न्हाय. तुझा बी फायदा, माझा बी."

भिवंडीत आमच्याआधीच गोष्ट पोचली होती. माझ्या आईने चाळीत पेढे वाटले. मी चहाच्या टपरीवर खरं सांगायचा प्रयत्न केला, की उलटं आहे, मी पडलो होतो, शेठनी मला आणलं. चहावाला गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला, "बघा, केला उपकार बोलून पण दाखवत नाही." त्यानंतर मी दोन-तीनदा प्रयत्न केला. दर वेळी माझी इज्जत वाढत गेली. शेठ लांबून बघायचे आणि चहात बिस्किट बुडवायचे.

पुढे दोन वर्षांनी आम्ही ती खिंड ओलांडली. ह्या वेळी मागून भाड्याची जीप, आणि जीपमध्ये वहिनी, तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा घेऊन. शेठ जरा रेंगाळले की त्या ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावायच्या. माथ्यावर झेंड्यांच्या माळा फडफडत होत्या. शेठ दम खात उभे राहिले, पलीकडच्या उतारावर नजर टाकली आणि म्हणाले, "यवढंच?" मग बराच वेळ तिथून हलले नाहीत.

ते गेले ते भिवंडीतच, घरात, दुपारचं जेवण झाल्यावर. आजारपण नाही, काही नाही. मी गोदामातून धावत गेलो तोवर ओसरीत चपलांचा ढीग पडला होता.

दहाव्याला नातेवाईक जमले होते. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी जवळ बोलावलं, शेजारच्या बायकांना म्हणाल्या, "ह्यो त्यो पोरगा. ह्याच्यामुळं मना मानूस यवढी वर्षं मिळाला." आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मी तोंड उघडलं. त्यांच्याकडे बघितलं आणि मिटलं.

तेवढ्यात शेठचे एक म्हातारे मामा काठी टेकत पुढे सरकले. बारीक डोळे करून त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"म्हणजे तूच. आणि रं, त्या ट्रकपाशी अस्वल आलं हुतं, त्ये केवढं हुतं?"

अस्वलाचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ओसरीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनीसुद्धा मान वर करून बघू लागल्या.

मी उभा राहिलो आणि माझ्या डोक्याच्याही वर, जितका पोचेल तितका हात नेला.