गच्चीवरचा जनूमामा

जनूमामा कामाला कोणाच्याही घरी गेला, तरी दारातून आत यायचा नाही. शिडी लावून थेट गच्चीवर. राहनाळपासून अंबाडीपर्यंत टीव्हीच्या डिश बसवायचं त्याचं काम. आग्नेयेकडे हात करून एक डोळा मिटायचा, डिश फिरवायचा आणि वरून हाळी द्यायचा, "दिसतंय का?" खालून कोणी "दिसतंय" म्हटलं, की नटबोल्ट आवळून तसाच उतरायचा आणि मोटारसायकलला किक.

"छत्तीस हजार किलोमीटरवर हाय तो उपग्रह," तो मला सांगायचा. "पृथ्वीसंगतीच फिरतो, म्हनून आपल्याला एकाच जागी. तो हाय तिथंच हाय, पोरी. चित्र गेलं, तर हललो आपनच."

माझ्या लग्नात मला बोहल्यावर न्यायचा मान मामाचा. मामा त्या सकाळी अंबाडीत कुणाच्या तरी गच्चीवर. मुहूर्त टळेल म्हणून शेवटी काकांनी मला नेलं. मामा पोचला तेव्हा पहिली पंगत उठत होती. आई सगळ्यांदेखत म्हणाली, "छत्तीस हजार किलोमीटरवरचा बरा सापडतो तुला, न् बहिनीचा मांडव न्हाय सापडला!" मामा न जेवता गेला. दोन वर्षं बोलणं बंद. चूक मामाचीच होती, पण आईच्या जिभेलाही हाड नव्हतं.

मग एकदा आईनं बोंबील वाळत घालायची दोरी डिशच्याच दांडीला बांधली. ओझ्यानं डिश फिरली, टीव्ही बंद. मी माहेरी आले होते. मीच मामाला फोन केला.

मामा आला, अर्थात गच्चीवर. "दिसतंय का?"

चित्र लख्ख दिसत होतं. मी तोंड उघडणार, तोच आईनं मला चिमटा काढला आणि ती ओरडली, "न्हाय!"

"आता?"

"न्हाय रं!"

तिसऱ्या वेळीही आई "न्हाय"च म्हणाली. "दिसतंय" म्हटलं की भाऊ तसाच निघून जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"थांब, खालीच येतो," म्हणत मामा दारातून आत आला. सिग्नल मोजायचं यंत्र त्याच्या गळ्यातच होतं; सिग्नल पुरा मिळतोय हे त्याला केव्हाच कळलं होतं. समोर टीव्हीवर बाई खणखणीत आवाजात बातम्या सांगत होती. मामानं टीव्हीकडे नीट बघितलं.

"बाय, लय खराब हाय गो."

"तेच सांगते कवाची," आई म्हणाली. "हात धू. कालवण गरम हाय."

मामाला जाऊन आता वर्ष झालं. मला त्याची फार आठवण येते. डिश बिघडली की दुसरा माणूस येतो, तोही गच्चीवरून विचारतो, "दिसतंय का?" चित्र कितीही स्वच्छ असो, आई आधी "न्हाय" म्हणते आणि दाराकडे बघते.