उमेदवार नको, शागीर्द चालेल

लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, पाट्या लागल्या. अशाच एका नव्या कचेरीत रेणापूरच्या सरजाबाई कांबळे शिपाई म्हणून लागल्या. कचेरीचं काम एकच: लहान दुकानदारांना गाठायचं आणि शिकलेली तरणी पोरं त्यांच्या हाताखाली लावायची. साहेब छापील पत्रं काढत, सरजाबाई ती दुकानोदुकानी पोचवत आणि उत्तर म्हणून कोणी चिटोरंही पाठवत नसे. साहेब म्हणत, इथल्या लोकांना पुढं जायचंच नाही. ते ऐकून सरजाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी याच लोकांबरोबर खडी फोडली होती. मुकादमाला ढीग मोजता येईना, तेव्हा माप सरजाबाईच घेत. पण हजेरीपटावर त्या अखेरपर्यंत मजूरच राहिल्या. बाईला मुकादम लिहायची पद्धत नाही म्हणे! ते त्या विसरल्या नव्हत्या, आणि का विसरावं?

आता त्यांच्या जिवाला घोर होता नागम्माचा. विहिरी खोदणाऱ्या चंद्रप्पाची ही लेक वायरमनचं शिकून पास झाली होती. महिनाअखेर कुण्या दुकानदाराची सही मिळाली नाही, तर कचेरीच्या यादीतली तिची जागा रद्द होणार आणि पोरगी बापामागं मातीच्या टोपल्या उचलणार, हे ठरलेलं होतं.

सरजाबाईंनी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणाऱ्या गुरुबसप्पांना गाठलं. त्या साली पावसानं ताण दिला होता. विहिरींनी तळ गाठला, मोटारी कोरड्या चालून जळू लागल्या आणि दुकानातला ढीग दारापर्यंत आला. तरी गुरुबसप्पांनी पत्रातल्या 'शिकाऊ उमेदवार' या शब्दांवर बोट ठेवलं आणि कागद बाजूला सारला.

"उमेदवार नको बाई. मागल्या विलेक्शनला एकाला नुसतं बाकावर बसू दिलं, तर दुसऱ्याच्या लोकांनी वरीसभर पायरी चढली न्हाई. आन् हा तर शिकाऊ!"

सरजाबाईंना हसावं की रडावं कळेना. एका शब्दापायी एवढी पत्रं धूळ खात पडली होती.

"मालक, उमेदवार म्हंजे शागीर्द," त्या म्हणाल्या.

गुरुबसप्पांचा चेहराच पालटला. हैदराबादेत एका उस्तादापाशी त्यांनी स्वतः सात वर्षं शागिर्दी केली होती. आधी का नाही सांगितलं, म्हणून उलट तेच रागावले. पेन काढलं, सरजाबाईंनी पुढं केलेल्या अर्जावरचं नागम्माचं नाव वाचलं आणि थांबले. पोरीला शागीर्द कोण म्हणतं, असा शब्दच नाही, म्हणाले.

"शब्द न्हाई तर न्हाई. पोरगी तर हाय न्हवं?" सरजाबाई बाकावर मांडी ठोकून बसल्या. "तिचं काम बघा, मग न्हाई म्हणा. तवर मी उठत न्हाई."

नागम्माला बोलावणं गेलं. गिऱ्हाइकं गंमत बघायला जमली, एकदोघं फिदीफिदी हसलेही. गुरुबसप्पांनी ढिगातल्या तीन मोटारी तिच्यापुढं टाकल्या. तिनं टेस्ट लॅम्प लावून एकेक तपासली आणि तिसरीवर हात ठेवला.

"ही जळालीच न्हाई, आप्पा. आतली वायर तुटलीया. तुम्ही न बघताच ढिगात टाकली."

गुरुबसप्पांनी मोटार उघडली, तर पोरीचं खरं होतं. त्यांनी हसणाऱ्यांना बाहेरची वाट दाखवली. मग अर्जावरचा 'शिकाऊ उमेदवार' आडवा खोडला, वर ठसठशीत 'शागीर्द' लिहिलं आणि सही ठोकली.

कचेरीत तो अर्ज बघून साहेब भडकले. छापील शब्द कुणी खोडू दिला, लोकांना अर्थ सांगत फिरायला कुणी सांगितलं, शिपायाचं काम फक्त कागद पोचवायचं, असं बरंच बोलले. सरजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण मान खाली घातली नाही.

"तेच केलं साहेब. आजवरचे कागद दुकानात पोचले, हा माणसाला पोचला. आता राहिलेली पत्रं द्या इकडं."