तीच गोळी, वेगळं रक्त

४ मार्च १९५८. भावाच्या गोळ्या आणायला त्याला घेऊन परळच्या इस्पितळात गेले होते. वेडावरची ही नवी गोळी सुरू झाल्यापासून त्याची मान एका बाजूला ओढली जायची. चाळ म्हणायची, अंगात येतं.

रांगेतली एक बाई त्याच्या मानेकडे टक लावून बघत होती.

"बाये, डॉक्टराक मान दाखव," ती म्हणाली. "शेजाऱ्याक हीच गोळी मानवली. माझ्या घोवाची मान अशीच वळली, मगे त्याच्या भावाचीय. त्यांचा रगातच तसा."

नवऱ्याचं सांगत होती, तरी ही कुणा भगताची दलाल असणार, असं मला वाटलं. पण तिने कुणाचा पत्ता दिला नाही. आपल्या पदराने भावाची लाळ पुसली आणि गेली.

माझा बाईवर विश्वास नव्हता, गोळीवर त्याहून कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी न देता भावाला डॉक्टरांपुढे उभं केलं.