गारांतला पोपट

वसुधाताई आमच्या कृषी महाविद्यालयात करंजाच्या तेलापासून इंधन करण्यावर संशोधन करतात. त्या दुपारी त्यांचा हवामानबदल आणि जैवइंधनावरचा नवा शोधनिबंध ऑनलाइन प्रसिद्ध झाला, म्हणून मी पेढे घेऊन त्यांच्या खोलीत गेले. आम्ही दोघी संगणकावर तो वाचत होतो. ‘तीव्र हवामानाच्या घटना वाढण्याची शक्यता आहे,’ या वाक्यापाशी आलो आणि छपरावर दगडफेक झाल्यासारखा आवाज झाला.

लिंबाएवढ्या गारा! खिडकीची काच फुटून टेबलावर आली. बाहेर करंजाच्या फांद्या कडाकड मोडत होत्या, पानांचा चेंदा होत होता, आणि त्या झाडांवरून पोपट पटापट खाली पडत होते.

शोधनिबंधाची भाषा किती सभ्य असते, असं मला वाटून गेलं. ‘शक्यता’ या शब्दात कुणाची मान मोडत नाही, कुणाचं रक्त सांडत नाही. लिहिणाऱ्याला ते सगळं दिसत असतं. तरी त्याला तोच शब्द लिहावा लागतो.

वसुधाताईंनी कचऱ्याची बादली रिकामी केली, डोक्यावर उलटी धरली आणि त्या बाहेर धावल्या.

“ताई, वेड लागलंय का?” मी ओरडले.

परतल्या तेव्हा त्यांचं कोपर सोलून निघालं होतं आणि मुठीत एक पोपट होता. त्यानं त्यांचं बोट चोचीत धरून रक्तबंबाळ केलं होतं.

“अहो, सोडा त्याला, चावतोय तो!”

“चावू दे,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांतला एकही चावला नाही गं.”