उजव्या चाकाची चकती

गगनबावड्याच्या पुढच्या घाटात अण्णासाहेबांच्या जुन्या लॉरीचं उजवं चाक निखळलं, ते गुलाबमामांनी बसवलेलं नव्हतं. मी बसवलं होतं. एवढं एक वाक्य मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मामांच्या मुलीचा, हसीनाचा फोन आला तेव्हा मी एका डंपरखाली उताणा पडलो होतो. "दादा, अब्बा गेले... सकाळी उठवायला गेले तर उठलेच नाहीत." मी "येतो" म्हणालो आणि तसाच पडून राहिलो. वरून गिअरबॉक्सचं तेल थेंब थेंब छातीवर पडत होतं. त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायची लाज वाटते... सुटल्यासारखं वाटलं. आता विचारणारं कुणी उरलं नाही, असं.

मामा आमच्या लॉरी अड्ड्यावरचे सगळ्यांचे मामा. गुलाब मिस्त्री म्हटलं की पुण्यापासून बेळगावपर्यंत जुन्या, लांब नाकाडाच्या लॉऱ्या जपणाऱ्या हौशी लोकांना दुसरं काही सांगावं लागत नसे. ही माणसं गाडी घेऊन यायची ती लेक सासरहून माहेरी आणावी तशी, आणि मामा पहिल्यांदा त्यांनाच झाडायचे. "पावणं, रंग लई भारी दिलायसा. पर म्हातारीला शालू नेसवून काय उपयोग? तिचं गुडघं दुखत्यात, ते बघितलंसा का कधी?" समोरचा कितीही मोठा माणूस असो, ओशाळून हसायचा आणि गाडी ठेवून जायचा. माझा हात त्यांनीच घडवला. शिव्या भरपूर खाल्ल्या, पण त्यांनी पाना फेकून मारला नाही कधी. चूक झाली की म्हणायचे, "आता कसं झालं ते सांग." झालं कसं ते नीट सांगितलं की विषय संपला. ही सवय त्यांनी मला लावली होती, आणि नेमकी तीच मी मोडली.

आमच्या गॅरेजात खडूच्या खुणेची एक रीत होती. चाक ज्या आसावर फिरतं त्याच्या टोकाला मोठा नट असतो. तो सुटू नये म्हणून त्याच्याखाली पत्र्याची एक चकती घालतात आणि तिची कड नटावर मोडून ठेवतात. कड मोडली की नट जागचा हलत नाही. वरून झाकण बसलं की आतलं काही दिसत नाही, म्हणून मामांचा नियम असा की झाकण लावण्याआधी बोट घालून चकती चाचपायची, आणि ज्याच्या बोटानं चाचपली त्यानंच झाकणावर खडूनं आपली खूण करायची. माझी खूण दोन उभ्या रेघा, मामांची चंद्राची कोर. गाडी एक चक्कर मारून आली की खूण पुसून जायची, पण ती कुणाची होती हे सगळ्यांच्या लक्षात राहायचं.

पेठ वडगावच्या अण्णासाहेबांची लॉरी आली ती काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरताना. त्यांच्या वडिलांनी ह्याच लॉरीतून गूळ घाटाखाली कोकणात नेला होता, आणि वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर तीच लॉरी त्याच घाटानं एकदा खाली न्यायची, अशी अण्णासाहेबांची इच्छा. म्हणाले, "मामा, चारी चाकांवर तुमची कोर पाहिजे. दुसऱ्या कुणाची खूण चालायची न्हाई." ब्रेकला नवं लायनर घातलं, बेअरिंगं धुऊन ग्रीस भरलं. चकत्या मात्र जुन्या, झिजलेल्या होत्या, आणि ह्या गाडीच्या चकत्या बाजारात कुठून मिळणार! मामांनी मला जाड पत्रा आणून दिला आणि चारी चाकांना नव्या कापायला सांगितलं. मी तीन कापल्या. चौथी कापायच्या आधीच मुहूर्ताचा दिवस आला. दारात हार, नारळ, अण्णासाहेबांचे पाहुणे, मोबाईल काढून उभे. पुढच्या उजव्या चाकाशी मी बसलो होतो आणि अण्णासाहेब मागून म्हणत होते, "झालं का सुरेशराव? गुरुजी थांबल्यात." मी जुनीच चकती घातली. कड मोडायला गेलो तर ती तुकडा होऊन हातात आली. क्षणभर मी तो तुकडा बघत बसलो. मग खिशात टाकला आणि झाकण लावलं. वाटलं, आज जाऊन येऊ दे, उद्या बदलतो. मामा खडू घेऊन आले. झाकण लागलेलं बघून थबकले. "मोडलीस न्हवं कड?" "व्हय मामा." पाहुण्यांकडं बघून ते हसले. "आता आमचं पोरगं आमच्यापेक्षा हुशार झालंय," म्हणाले आणि झाकण न उघडता कोर काढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपलाच नियम मोडला, तो माझ्या शब्दावर. पुढच्याच क्षणी कुणीतरी फोटो काढला. झेंडूचे हार, हात जोडलेले अण्णासाहेब, आणि खाली चाकावर पांढरी, ठळक कोर.

मामा स्वतः गाडी चालवत होते, शेजारी अण्णासाहेब, आणि मी मागून मोटारसायकलवर. गगनबावड्यात चहाला थांबलो. धुकं इतकं की हॉटेलवाल्याचा चेहरा दिसत नव्हता. मामांची एक सवय होती. गाडी थांबली की आधी उतरून चारी चाकांच्या मधोमध हाताची पालथी बाजू लावायची, आजारी पोराचं कपाळ बघावं तशी. पुढच्या उजव्या चाकाला त्यांनी हात लावला आणि तिथंच ठेवला. माझ्याकडं बघितलं. मी जवळ गेलो. चाक नुसतं कोमट नव्हतं, चांगलं तापलेलं होतं.

"सुऱ्या, ह्येच का तापलंय रं?"

"नवं लायनर हाय मामा. बसायला लागलंय."

ह्या धंद्यातल्या माणसाला ह्याहून पटण्यासारखं कारण नाही. नवं लायनर पहिले काही मैल घासतं आणि तापतंच. दुसऱ्या कुणी मला हेच सांगितलं असतं तर मीही मान हलवली असती. मामांनी पुन्हा विचारलं, हळू आवाजात, अण्णासाहेबांना ऐकू जाणार नाही असं. "खोलूया का? जॅक हाय गाडीत."

तिथं मला सुटायची वाट होती. हो म्हणायचं, झाकण उघडायचं. पण उघडलं की मोडकी चकती दिसणार, आणि ती अण्णासाहेबांसमोर दिसणार. मी म्हणालो, "कशाला? त्यांचा मुहूर्त मोडायचा. काय हुतंय त्याला!" मामांनी हात काढला, लुंगीला पुसला. "बरं. तू म्हणतोस तर..."

घाट उतरायला लागलो. डावीकडं दरी, उजवीकडं डोंगर. मामा पहिल्या गिअरात, ब्रेक वाचवत, म्हातारीला हाताला धरून उतरवावं तसे उतरवत होते. मी सारखा उजव्या अंगाला येऊन त्या चाकाकडं बघत होतो. फिरताना खडूची कोर पुसट पांढरं वर्तुळ होऊन दिसत होती. तिसऱ्या का चौथ्या वळणावर ते वर्तुळ डगमगायला लागलं. लोलकासारखं नव्हे, थोडंसंच, पण माझ्या डोळ्याला पुरेसं. माझा अंगठा हॉर्नवर होता. दोनदा वाजवला असता तरी मामा थांबले असते, आमची ती खूणच होती. मी मनाशी म्हणालो, पुढं रस्ता रुंद हाय, तिथं गाठतो, काहीतरी कारण काढून थांबवतो. कारण शोधत होतो मी. हॉर्न वाजवत नव्हतो, कारण शोधत होतो... आणि चाक निघालं.

लॉरी उजव्या अंगावर बसली, डांबराला लोखंड घासल्याचा आवाज आला. त्या एका क्षणात मामांनी काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलं. त्यांनी स्टिअरिंग उजवीकडं, डोंगराकडं मारलं. उजवीकडं म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बाजूला. कातळावर आदळली ती ड्रायव्हरची बाजू. अण्णासाहेबांच्या कपाळाला एक खोक पडली, एवढंच. मामांचा पाय दरवाजा आणि पॅडलच्या मध्ये चेंगरला. मी धावत गेलो तर म्हणाले, "मागं कोण न्हाई न्हवं? चाक कुणाला लागलं का बघ आधी."

चाक गटारीत पडलं होतं. थोडं वर रस्त्यावर तो नट आणि ती चकती. मी चकती उचलली, आणि खिशातला तुकडाही काढला. दोन्ही दरीत फेकली. धुक्यात पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

मामांचा पाय वाचला, पण वाकेना. गाडीखाली शिरणं संपलं. त्याहून वाईट म्हणजे तो फोटो. अड्ड्यावर प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरला. कोर दिसत होती, कुणी काय पुरावा मागणार? "म्हाताऱ्याची नजर गेलीया," असं सुरू झालं. एकजण म्हणाला, "मामांची कोर अमावस्येला निघाली की!" सगळे हसले. मीही हसलो. अण्णासाहेब दवाखान्यात येऊन हात जोडून म्हणाले, "मामा, वय झालं तुमचं. आमीच तुमाला तरास द्यायला नको हुता." ते ऐकताना मामांच्या कानशिलाची शीर उडत होती, आणि मी पायाशी उभा होतो. मामांनी एका शब्दानं सांगितलं असतं की मी बघितलं नव्हतं, सुऱ्या म्हणाला म्हणून खूण केली... ते एवढंच म्हणाले, "खूण माझी हाय, अण्णा." पुण्याबेळगावच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. गॅरेज माझ्याकडं आलं. येणाऱ्याला मी सांगायचो, मामा आता दमल्यात.

शेवटची भेट त्यांच्या घरी, जायच्या आधी काही आठवडे. निरोप आला होता की पत्र्याचा तुकडा आणि कात्री घेऊन ये. खाटेवर बसून, पाय लांब करून, ते चकती कापत होते. गोलाई चुकत नव्हती. कानस मारली, कडेवर बोट फिरवलं आणि माझ्या तळहातावर ठेवली. "अण्णांच्या गाडीची हाय. फुडच्या उजव्या चाकाची. तिथं जुनी टिकायची न्हाई."

जुनी. त्या चाकात जुनी होती हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, असं मी समजत होतो. मी वर बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते, रागानं नाही, वाट बघत असल्यासारखे. आता कसं झालं ते सांग, असं कधी म्हणतील ह्याची मी वाट बघत बसलो, आणि मामा मी सांगायची. हसीना चहा घेऊन आली. मी चहा प्यायलो आणि निघालो.

तरीही मी गप्पच राहिलो असतो. पण मामांच्या चाळिसाव्या दिवसाची जेवणं झाल्यावर हसीनानं मला बाजूला बोलावलं. "दादा, एक बोलायचं राहिलंय. अब्बांच्या चुकीनं तुमच्या गॅरेजचंबी नाव खराब झालं. त्यांनी कधी कबूल केलं नाही, पण त्यांच्या वतीनं मी माफी मागते." तिचे डोळे भरले होते. मी काय केलं असेल? तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे, असू दे." मी तिला माफ करून आलो!

ती चकती माझ्या बाकड्यावरच्या खिळ्याला लटकवलेली आहे. तिची कड अजून सरळ आहे, कुणीतरी मोडायची राहिली आहे. वडगावच्या शेडमध्ये ती लॉरी तीन चाकांवर आणि एका लाकडी ठोकळ्यावर उभी आहे. चाक बसवायला मला अर्धा दिवसही लागणार नाही, आणि अण्णासाहेबांना सांगणंही मी कसंतरी निभावेन. पण हा मजकूर वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येण्याआधी मला हसीनाच्या दारात जायचं आहे. चूक तिच्या वडिलांची नव्हती, माझी होती, हे तिला माझ्या तोंडून सांगणं आणि तिनं मागितलेली माफी तिला परत करणं, हे मी अजून देणं लागतो.